बूट पातळ करण्याआधी उड्या मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

समूह-व्यायामाच्या वर्गांत सध्या एक दृश्य वारंवार दिसते. हातात घेतले तर रुमालासारखे दुमडणारे, पातळ तळाचे नवे बूट घालून कुणीतरी येते आणि पहिल्याच दिवशी पाऊण तासाचा अख्खा वर्ग त्यांतच उरकते. त्या दिवशी पाय हलके वाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तेही निभते. खरी गडबड चार-पाच आठवड्यांनी होते. पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या जरा मागे, नेमके बोट ठेवून दाखवता येईल अशा एका ठिकाणी दुखू लागते. मग बूट कपाटात जातात आणि 'ते सगळे फॅड होते' असे ठरवून टाकले जाते.

आमच्या मते दोष बहुतेक वेळा बुटाचा नसतो. एकट्याने धावणारा माणूस दोन मिनिटे धावून थांबू शकतो. वर्गात गाणे थांबत नाही, शेजारचा थांबत नाही आणि ट्रेनर 'अजून दहा!' म्हणत असतो. पातळ बुटांची सवय व्हायला जी सवड लागते, ती वर्गाच्या वेळापत्रकात कुठेच नसते. ती मुद्दाम काढावी लागते. कशी काढायची, ते लिहिण्यासाठी हे पत्र.

आधी बुटाविषयी. पातळ दिसणारा प्रत्येक बूट मिनिमलिस्ट, म्हणजे पायाच्या नैसर्गिक हालचालीत कमीत कमी आड येणारा, नसतो. २०१५ साली ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून या बुटाची व्याख्या ठरवली आणि तो मोजण्यासाठी पाच गोष्टी निश्चित केल्या: वजन, लवचिकता, टाचेखालच्या तळाची एकूण जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे 'ड्रॉप', आणि पाय आत-बाहेर कलू नये म्हणून बसवलेले टणक आधार. पाचही गोष्टींना सारखेच महत्त्व. वजन १२५ ग्रॅमच्या आत, जाडी ८ मिलिमीटरच्या आत, ड्रॉप १ मिलिमीटरच्या आत असेल तर त्या-त्या बाबतीत पूर्ण गुण. तुलनेसाठी सांगायचे, तर धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाचेखाली ३० मिलिमीटरच्या आसपास थर असतो आणि ड्रॉप ८ ते १२ मिलिमीटर. दोन्ही टोकांच्या मध्ये बरेच बूट बसतात. सुरुवात करणाऱ्याने थेट शेवटच्या टोकाला न जाता ४ ते ६ मिलिमीटर ड्रॉपचा, थोडी गादी असलेला बूट आधी काही महिने वापरणे शहाणपणाचे.

घेताना हाताने पाहावे. बूट पुढून मागे गुंडाळला तर सहज गुंडाळला पाहिजे. ओल्या फडक्यासारखा पिळला तर पिळला गेला पाहिजे. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबला तर तो दबला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे, बोटांकडची जागा रुंद हवी. सपाट तळाचे, पण पुढे निमुळते होत गेलेले कापडी बूट पुष्कळ मिळतात. ते या कामाचे नाहीत. बोटांना पसरायला जागा नसेल तर तळ पातळ करून काही साधत नाही, कारण गादीच्या जागी आता बोटांनीच जमीन धरायची असते. आतली सुटी इनसोल बाहेर काढावी, तिच्यावर उभे राहावे. करंगळी किंवा अंगठा कडेबाहेर येत असेल तर तो बूट आपला नव्हे. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. अंगठ्यापेक्षा दुसरे बोट लांब असणारे लोक थोडे नाहीत. त्यांनी माप त्या बोटापासून घ्यावे. माप संध्याकाळी, उभे राहून, दोन्ही पायांचे घ्यावे आणि मोठ्या पायाप्रमाणे बूट निवडावा. पाचही बोटांना वेगळे कप्पे असलेले बूट दिसायला गमतीशीर, पण घालायला वेळ खाणारे. करंगळी कप्प्यात शिरत नाही म्हणून वर्ग सुरू झाल्यावर भिंतीला टेकून झगडणारी मंडळी नेहमीच असतात. वर्गात बूट बदलायचे असतील तर साधा, एका पट्ट्याचा प्रकार बरा.

आता बदलते काय ते. १० मिलिमीटर ड्रॉपच्या बुटातून सपाट बुटात आलात की प्रत्येक पावलाला टाच तेवढी खाली जाते. एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, वर्षानुवर्षे तेवढ्या आखूड स्थितीत काम करत आलेली असते. आता तिला ताणलेल्या अवस्थेत तेच काम करावे लागते. शिवाय टाचेखालची गादी गेल्यामुळे माणूस नकळत चवड्यावर उतरू लागतो. त्याने गुडघ्यावरचा, विशेषतः वाटीमागचा भार कमी होतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांना हे बूट आवडतात त्याचे कारण हेच. पण तो भार हवेत विरत नाही. तो घोटा, पोटरी, अकिलीस आणि चवड्यातली लांब हाडे, म्हणजे मेटाटार्सल, यांच्या वाट्याला येतो. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. त्यांना बांधून ठेवणारे तळव्यातले छोटे स्नायू चार थरांत असतात. जाड, कडक बुटात त्यांना फारसे काम नसते. त्यांच्यावर अचानक पूर्ण पाळी टाकली तर ते दमतात आणि ते दमले की हाडाला वाकवणारा ताण थेट हाडाने सोसायचा राहतो.

या विषयावर दोन्ही बाजूंनी अभ्यासांचे दाखले फेकले जातात, म्हणून त्यांची संगती लावू. लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर किंवा पूर्ण पावलावर उतरतात आणि त्यांना टाचेवर उतरणाऱ्यांसारखा सुरुवातीचा ठोका बसत नाही, हे २०१० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आले आणि या बुटांची लाट उसळली. २०१३ च्या एका अभ्यासात धावणाऱ्यांना १० आठवड्यांत बोटांच्या बुटांची सवय लावण्याचा प्रयत्न झाला. त्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत एमआरआयवर मज्जेची सूज, म्हणजे हाडावर ताण आल्याची खूण, वाढलेली दिसली. त्याच सुमारास व्हिब्रॅम कंपनीवर तिच्या 'फाइव्हफिंगर्स' या बोटांच्या बुटांच्या आरोग्यविषयक दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून अमेरिकेत खटला झाला आणि २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरवर तडजोड केली. इथे बरेच लोक थांबतात. पण २०१९ मध्ये असे दिसले की मिनिमलिस्ट बुटात आठ आठवडे नुसते चालले, तरी पावलाचे स्नायू पायाचे खास व्यायाम केल्याइतकेच वाढतात. २०२१ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या अभ्यासात सहा महिने रोजचे व्यवहार अशा बुटांत केलेल्यांच्या पावलांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढलेली आढळली.

यांत विरोध नाही. एका गटाने धावून दहा आठवड्यांत सवय लावायचा प्रयत्न केला, दुसऱ्यांनी चालून. चालण्याने पाय घडतो, आपटण्याची घाई केली की मोडतो. उत्साही मंडळी इथियोपियाचा धावपटू अबेबे बिकिला याचा दाखला देतात: १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉन अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकला. खरे आहे. चार वर्षांनी टोकियोत तोच बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत जिंकला, ही पुढची ओळ मात्र सहसा गळते.

आणि हे सगळे धावण्या-चालण्याचे. समूह-व्यायामात सरळ रेषेत जाणे कमीच, उड्या आणि आडव्या धावा जास्त. तिथे मिनिटे मोजून कळत नाही, उड्या मोजाव्या लागतात. एक साधा वर्ग घ्या: ४० सेकंद काम, २० सेकंद विश्रांती. दोरीवरच्या उड्या मिनिटाला १२० या बेताने ४० सेकंदांत ८० होतात. जंपिंग जॅक, म्हणजे पाय फाकवत-जुळवत आणि हात वर-खाली करत मारलेल्या उड्या, ३५ होतात आणि प्रत्येकात पाय दोनदा जमिनीवर येतात, म्हणजे ७०. गुडघे वर उचलत जागच्या जागी धावणे मिनिटाला १५० पावलांनी १०० वेळा, तेही एका वेळी एका पायावर. बर्पी दहाच निघतात, पण प्रत्येकात खाली बसून हात टेकणे, पाय मागे फेकून परत आणणे आणि वर एक उडी असते. फक्त पुढे येणे आणि उडीनंतर उतरणे धरले तरी २०. एका फेरीत २७० आणि चार फेऱ्यांत १,०८०. धावताना पाऊल टेकते तेव्हा जमिनीकडून वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा जोर उलट येतो. उंच उडीवरून उतरताना त्याहून जास्त. 'आज फक्त अर्धा तासच घातले होते' या वाक्यात हजार आदळी लपलेल्या असतात.

म्हणून पहिल्या दिवसाआधी पाय तपासून घ्यावा. कुठलेही यंत्र लागत नाही. भिंतीला बोटांनी नुसता स्पर्श करून एका पायावर उभे राहावे, गुडघा सरळ ठेवावा आणि टाच पूर्ण वर उचलून सावकाश खाली आणावी. वर जायला एक सेकंद, खाली यायला एक. असे २० ते २५ वेळा जमले पाहिजे. टाच अर्धीच उचलली जाऊ लागली किंवा गुडघा वाकू लागला की मोजणे थांबवावे. १५ च्या आत थांबलात तर बूट तसेच ठेवून आधी सहा आठवडे हाच व्यायाम करावा: आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी जमेल तेवढ्याचे तीन सेट, आड दिवशी. दोन्ही पायांत तीन-चारपेक्षा जास्त फरक असेल तर कमजोर बाजू आधी भरून काढावी. दुसरी तपासणी घोट्याची. भिंतीकडे तोंड करून पाऊल थोडे मागे ठेवावे आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावावा. अंगठा आणि भिंत यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवूनही गुडघा टेकला तर घोटा मोकळा. सात-आठवरच टाच सुटत असेल तर सपाट बुटात खोल स्क्वॉट, म्हणजे बैठका, करताना अडचण येणार, हे आधीच समजून घ्यावे. तिसरी तपासणी वरवर पोरखेळ वाटेल: चार बोटे जमिनीला टेकवून एकटा अंगठा उचलणे, मग अंगठा टेकवून चार बोटे उचलणे. पुष्कळांना पहिल्या दिवशी हे मुळीच जमत नाही, पाय आपला नसल्यासारखा गप्प बसतो. आठवडाभर रोज दोन मिनिटे दिली की जमू लागते.

मग क्रम. पहिले दोन आठवडे वर्गात हे बूट फक्त वॉर्म-अपपुरते. वर्गाबाहेर रोज १५-२० मिनिटे चालायला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजनांच्या व्यायामाला हेच बूट, आणि उड्या सुरू होण्याआधी बदलून जुने. पाचव्या-सहाव्यात उडी नसलेले सगळे. म्हणजे जागच्या जागी पावले, पुढे-मागे लंज (एक पाय लांब टाकून गुडघे वाकवणे), स्टेपवर, म्हणजे बुटक्या फळीवर, चढ-उतार. सातव्यापासून उड्या: एका वर्गात ५०, त्याही दोन्ही पायांवर, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाला काही जाणवले नाही तर पुढच्या आठवड्यात ३० ते ५० वाढवाव्यात. जाणवले तर आकडा तसाच ठेवावा. या हिशोबाने हजाराच्या आसपास पोहोचायला सहा ते नऊ महिने लागतात. अनेकांना तिथवर जायची गरजही नसते. चार महिन्यांनी ४००-५०० उड्यांवर थांबून उरलेल्या जुन्या बुटात करणारा माणूस काही गमावत नाही.

एवढा सावकाश क्रम कशासाठी, हे नीट समजले नाही तर तिसऱ्या आठवड्यात तो मोडला जातो. स्नायू लवकर शिकतो. दोन-तीन आठवड्यांत पोटऱ्या दुखायच्या थांबतात आणि माणसाला वाटते, झाली सवय. हाडाचे गणित उलटे असते. नवा ताण आला की हाड आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग तिथे नवे भरते. पोखरण्याला काही आठवडे, भरून घट्ट व्हायला काही महिने. म्हणजे ज्या सुमारास पोटरी 'चालेल' म्हणते, त्याच सुमारास मेटाटार्सलची भिंत तात्पुरती कच्ची असते. घराचे प्लास्टर उखडल्यावर आणि नवे लागण्याआधी भिंतीवर खिळे ठोकू नयेत, तसे.

वर्गात दोन जोड आणणे लोकांना अवघड वाटते. खरे तर बदलायला मिनिटही लागत नाही आणि पाणी प्यायच्या विश्रांतीत ते उरकते. ज्यांना तेही नको, त्यांनी एकच करावे: बूट पातळच ठेवावा आणि उड्यांच्या वेळी पाय जमिनीवर ठेवूनच तो व्यायाम करावा. जंपिंग जॅकऐवजी एकेक पाय बाजूला टाकत हात वर, बर्पीत पाय फेकण्याऐवजी चालत मागे नेणे, दोरीऐवजी हात फिरवत जागच्या जागी टाचा उचलणे. हृदयाला यातही पुरेसा व्यायाम होतो, फक्त हात मोठे फिरवावे लागतात आणि बसण्याची खोली वाढवावी लागते.

कुठल्या व्यायामात हे बूट खरोखर उजवे ठरतात तेही सांगायला हवे. डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून ताठ उभे राहणे) आणि केटलबेल स्विंग (मुठीचे गोल वजन पायांमधून पुढे झुलवणे). तळ पातळ असल्याने वजन थोडे कमी अंतर उचलावे लागते आणि गादीवर डुगडुगण्याऐवजी टाच, अंगठ्याचा उंचवटा आणि करंगळीचा उंचवटा अशा तीन ठिकाणी पाय जमिनीत रोवता येतो. एका पायावरच्या तोल सांभाळण्याच्या व्यायामातही तळवा जमीन वाचतो. स्क्वॉटची गोष्ट मात्र दुहेरी आहे. घोटा मोकळा असेल तर उत्तम. नसेल तर खाली जाताना टाच सुटते, तोल पुढे जातो, कंबर गोल होते आणि दोष बुटाला लागतो. अशांनी टाचेखाली एक-दीड सेंटिमीटरची फळी किंवा वजनाची पातळ थाळी ठेवावी, किंवा टाच टेकलेली राहील तेवढेच खाली जावे. लंजमध्ये मागच्या पायाचा अंगठा बराच वाकतो. ज्यांच्या अंगठ्याचा सांधा आखडलेला आहे त्यांना पातळ बुटात हे झोंबते. त्यांनी पाऊल आखूड टाकावे.

उतरण्याबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. 'या बुटात चवड्यावरच राहायचे' असे ऐकून लोक अख्खा वर्ग टाच अधांतरी ठेवून करतात. याने पोटरीला गोळे येतात आणि चवडा चेचला जातो. उतरताना चवडा आधी टेकावा हे बरोबर, पण लगेच मागून टाच हलकेच जमिनीला लागलीच पाहिजे. गुडघे आणि कंबर किंचित वाकलेली, पाऊल शरीराच्या खाली. बरोबर होतेय का हे कानाने कळते: 'धप्' ऐकू येत असेल तर गुडघा ताठ आहे, 'टप्-टप्' हलके येत असेल तर ठीक. गाणे मोठे असेल तर हा आवाज ऐकूच येत नाही, म्हणून शिकवताना पहिली फेरी गाण्याविना घ्यावी. दोरीच्या उडीत पाय जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरच उचलावा. दोरी तेवढ्यातून सहज जाते, बाकीची उंची ही हौस. उंच ठोकळ्यावर उडी मारून चढावे, उतरताना मात्र एकेक पाय खाली टाकून उतरावे. स्टेपवर पूर्ण पाऊल ठेवावे. टाच कडेबाहेर लटकली की प्रत्येक चढण अकिलीसची ओढाताण होते.

आडव्या हालचाली या बुटांची दुखरी बाजू. धावण्यासाठी केलेल्या पातळ बुटाला बाजूची भिंत नसते. झपकन उजवीकडे जाऊन थांबलात की तळ थांबतो आणि पाय आत सरकून कडेवर चढतो. सैल बुटात हे जास्त. मधल्या भागात पट्टा किंवा नाडी घट्ट हवी, बोटांकडे सैल. दिशा बदलताना आधी बसावे, मग वळावे. आणखी एक साधी गोष्ट: वरचे कापड जाळीचे असते. हातातून डंबेल निसटला तर जाड बूटही फारसे वाचवत नाही, पण हा मुळीच नाही. वजने बोटांच्या रेषेत न ठेवता पावलांच्या बाहेरच्या बाजूला ठेवावीत.

जमीन कशी आहे याला बुटापेक्षा कमी महत्त्व नाही. खाली पोकळी ठेवून बसवलेली लाकडी जमीन थोडी दबते, रबरी पट्ट्या ठोका जिरवतात, काँक्रीटवर चिकटवलेली फरशी काहीच करत नाही. फरशीवर भरणाऱ्या वर्गात पातळ बुटातल्या उड्यांचा आकडा अर्धाच ठेवावा. त्यावर उपाय म्हणून जाड, मऊ योगा मॅट अंथरून उड्या मारणे मात्र चूक. मॅट सरकते, पाय आत रुततो आणि घोटा मुरगळतो. घामाने ओली झालेली फरशी पातळ गुळगुळीत तळाला निसरडी होते. फडके हाताशी असावे.

दुखणे ओळखता येणे हे सगळ्यांत उपयोगी. दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखतात, हालचालीने मोकळ्या होतात, दोन-तीन दिवसांत थांबतात: हे सवयीचे दुखणे. सकाळी अंथरुणातून उठताना पहिल्या काही पावलांना टाचेखाली टोचते: तळव्याचा पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, तक्रार करतो आहे, उड्या बंद आणि दोन पायऱ्या मागे. अकिलीस सकाळी आखडते आणि चिमटीत धरली तर एका जागी जाड, हळवी लागते: बसवलेला क्रम मोडला गेला आहे. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर बूट अरुंद आहे. आणि पावलाच्या वर, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मेटाटार्सलवर, एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दाबल्यावर कळ येते, तिथे थोडी सूज आहे, त्या पायावर एक उडी मारवत नाही. असे असेल तर त्याच दिवसापासून उड्या आणि धावणे बंद आणि डॉक्टरांना दाखवणे. एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. हाडाची बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेवर दिसत नाही, असे अनेकदा होते. वर्गातली सर्वांत महागडी चूक इथेच होते: 'एक्स-रेत काही नाही' म्हणून माणूस परत येतो आणि उडी मारतो.

काहींनी या वाटेला जाऊच नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी तर नाहीच. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या बारीक नायलॉन तंतूने तळव्याला केलेला स्पर्श कळतो का, ही तपासणी दवाखान्यात दोन मिनिटांत होते. ज्याला खडा टोचलेला कळत नाही त्याला पातळ तळ धोक्याचा. हाडे ठिसूळ झालेले, पावलाचे हाड नुकतेच जुळलेले, संधिवाताने बोटे वाकलेले यांनी आधी विचारून घ्यावे. वजन जास्त असलेल्यांनी चालण्यापुरते हे बूट जरूर वापरावेत, पण उड्यांचा क्रम दुप्पट सावकाश घ्यावा.

बुटाची निगा थोडक्यात: मोज्यांविना घातले की वास येतो, म्हणून पातळ मोजे. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण, वाळवणे सावलीत. उन्हात किंवा हीटरपाशी ठेवले की तळाचा गोंद सुटतो.

शेवटी ट्रेनर मंडळींना. नवे बूट दिसले की 'वा!' म्हणण्याआधी 'कितवा आठवडा?' विचारा. हजेरीच्या वहीत नावापुढे एक रकाना वाढवून त्यात आठवडा आणि आजचा उड्यांचा आकडा लिहा. तीस जणांच्या वर्गात असे दोघे-तिघेच असतात, जड जात नाही. फळ्यावर व्यायामाचे नाव लिहिताना शेजारी उडीविना प्रकारही त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. तो कोपऱ्यात, 'नवशिक्यांसाठी' म्हणून लिहिला की पाय दुखणारा माणूस लाजेने उडी मारतो. आणि गाण्याचा वेग उड्यांच्या भागात वाढवू नका. मिनिटाला १३० ठोक्यांवर प्रत्येक ठोक्याला उडी घेतली तर अर्ध्या मिनिटात ६५ होतात. सातव्या आठवड्यातल्या माणसाचा त्या दिवसाचा सगळा कोटा तेवढ्यातच उलटून जातो.

आपल्याकडेही एक विनंती आहे, संपादक महोदय. आरोग्य पुरव्यांत या बुटांवर मजकूर येतो तेव्हा सोबतचे छायाचित्र बहुधा हवेत उंच उडालेल्या माणसाचे असते. पुढच्या वेळी एका पायावर उभे राहून टाच उचलणाऱ्याचे छापावे आणि खाली एवढेच लिहावे: 'गुडघा सरळ, २० वेळा'.

आपले,
समूह-व्यायामाचे प्रशिक्षक व फिजिओथेरपिस्ट